पतींच्या अहवालात ४५ गुणसूत्रे आली आहेत. टेस्ट-ट्यूब हाच एक मार्ग उरतो का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३१ आणि पतींचे ३५. लग्नानंतर आतापर्यंत माझे तीन गर्भपात झाले. दिवस राहायला कधीच अडचण आली नाही, परंतु पहिल्या दोन वेळी आठव्या-नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाचे ठोके थांबल्याचे दिसले, आणि तिसऱ्या वेळी ठोके दिसू लागण्याआधीच रक्तस्राव सुरू झाला. त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या रक्ताचे कॅरिओटायपिंग, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करून घेतले. माझा अहवाल ४६,एक्सएक्स असा सर्वसाधारण आला. पतींच्या अहवालात मात्र '४५,एक्सवाय,डीईआर(१३;१४)(क्यू१०;क्यू१०)' असे लिहिले असून खाली 'रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशनचे संतुलित वाहक; जेनेटिक काउन्सेलिंगचा सल्ला' एवढाच शेरा आहे.

हा अहवाल घेऊन आम्ही वंध्यत्व उपचारांच्या एका केंद्रात गेलो. टेस्ट-ट्यूब करून गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी त्याची गुणसूत्रे तपासावी लागतील, दुसरा मार्ग नाही, असे तिथे पहिल्याच भेटीत सांगण्यात आले. खर्च काही लाखांच्या घरात जाईल. तो उभा करण्यासाठी पती शेताचा तुकडा विकायला निघाले आहेत, आणि 'माझ्यातच एक गुणसूत्र कमी आहे' असे म्हणून ते घरात बोलेनासे झाले आहेत. आजवर नात्यागोत्यात बोल मला लागत होता; आता तो त्यांनी स्वतःकडे घेतला आहे, आणि ते पाहणे मला अधिक जड जाते.

माझे पती हे माझ्या सख्ख्या आत्याचे चिरंजीव. नात्यात लग्न केल्यामुळे हे झाले असेल का? पतींना पुढे काही आजार होईल का? आणि टेस्ट-ट्यूबशिवाय निरोगी मूल होण्याची आशा धरणे चुकीचे आहे का? ज्यांना यातले खरोखर माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सूक्ष्मदर्शी

ताई, मी सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे गुणसूत्रे तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत काम करते. उपचारांविषयी डॉक्टरांनीच बोलावे. त्या एका ओळीमागे काय असते ते मात्र मी सांगू शकते.

हिरव्या टोपणाच्या, हेपॅरिन असलेल्या नळीत आलेले रक्त आम्ही पोषकद्रवात ३७ अंश सेल्सियसला साधारण ७२ तास वाढवतो. पांढऱ्या पेशी विभागू लागल्या की कोल्चिसीनसारखे द्रव्य घालून त्यांना नेमक्या त्या क्षणी थांबवतो, जेव्हा गुणसूत्रे आखूड, जाड आणि सुटी झालेली असतात. मग पेशी सौम्य क्षारद्रावणात फुगवून, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करून, त्यांचे थेंब काचपट्टीवर सोडतो आणि गिम्झा रंगाने रंगवतो. प्रत्येक गुणसूत्रावर गडद-फिकट पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांवरून कोणते गुणसूत्र कोणते हे ओळखता येते. अशा सहसा वीस पेशी मोजल्याशिवाय आम्ही अहवाल लिहीत नाही. म्हणून '४५' हा आकडा चुकून पडला असावा, अशी शंका मनात ठेवू नका.

मात्र 'एक गुणसूत्र कमी' हा त्याचा अर्थ नव्हे. १३, १४, १५, २१ आणि २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचा मध्यबिंदू अगदी एका टोकाला असतो, त्यामुळे त्यांची वरची भुजा नखाएवढी आणि खालची लांब असते. वरच्या आखूड भुजेत प्रामुख्याने रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या) आरएनएची जनुके असतात, आणि त्याच जनुकांच्या प्रती या पाचही जोड्यांवर असल्यामुळे दोन आखूड भुजा गळाल्या तरी शरीराचे काही अडत नाही. आपल्या पतींच्या पेशीत एका १३ ची आणि एका १४ ची लांब भुजा एकमेकींना जोडली गेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एक सुटे १३, एक सुटे १४ आणि त्या दोघांना जोडून झालेले एक मोठे गुणसूत्र दिसते. मोजताना संख्या ४५ भरते, पण आवश्यक असा सगळा जनुकीय मजकूर जागेवर आहे, म्हणूनच अहवालात 'संतुलित वाहक' असे लिहिले आहे. डब्ल्यू. आर. बी. रॉबर्टसन यांनी १९१६ साली नाकतोड्यांमध्ये अशी जोडणी वर्णिली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. माणसांत आढळणाऱ्या या प्रकारच्या जोडण्यांमध्ये १३-१४ ही सर्वांत अधिक आढळते.

हा धागा वाचणाऱ्या इतर जोडप्यांसाठी एक सांगून ठेवते. '९ क्यूएच+', 'इन्व्हर्शन ९' किंवा '१५ पीएस+' असे शेरे असलेले अहवाल घेऊन अनेकजण घाबरून आमच्याकडे येतात. ही निरोगी माणसांत सर्रास आढळणारी रूपे आहेत आणि गर्भपाताचे कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. इथे विचारलेली गोष्ट वेगळी आहे, ती खरी जोडणी आहे.

निरंजना

मी स्वतः वाहक आहे. माझ्यात ११ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. आम्ही टेस्ट-ट्यूब करून गर्भाची तपासणी करण्याचा मार्ग निवडला, कारण माझे वय चाळिशीकडे झुकले होते, बीजांडांचा साठा कमी होता आणि पुन्हा एकदा सोनोग्राफीचा तो काळा पडदा पाहण्याची माझी तयारी उरली नव्हती. त्या निर्णयाचा मला पश्चात्ताप नाही. परंतु पहिल्या प्रयत्नात तपासलेल्या गर्भांपैकी एकही सोडण्याजोगा निघाला नाही आणि सगळा खर्च तिथेच संपला. असे होऊ शकते हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितले नव्हते. ताई, आपण ३१ वर्षांच्या आहात आणि आपल्याला दिवस सहज राहतात. जमीन विकण्याआधी एखाद्या वैद्यकीय अनुवंशतज्ज्ञाचे मत नक्की घ्या, आणि ते मत टेस्ट-ट्यूब करणाऱ्या केंद्राबाहेरचे असू द्या.

अनुवंश

मी वैद्यकीय अनुवंशशास्त्रात काम करतो. आपले कागद पाहिल्याशिवाय आपल्यापुरता अंतिम सल्ला देता येणार नाही. परंतु आपले तिन्ही प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे पुष्कळशी स्पष्टपणे देता येतात.

पतींच्या प्रकृतीला या जोडणीमुळे धोका नाही. तिच्याशी संबंधित एकच तपासणी त्यांनी करून घ्यावी, ती म्हणजे वीर्यतपासणी, कारण अशा काही वाहक पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी आढळते. नात्यातल्या लग्नामुळे अशी जोडणी तयार होत नाही. ती एक तर आई किंवा वडिलांकडून येते, नाही तर त्या व्यक्तीतच नव्याने घडते. नात्यातल्या लग्नाचा संबंध येतो तो वेगळ्या आजारांशी, जिथे दोघांकडून एकच सदोष जनुक बाळात उतरावे लागते. त्याविषयी समुपदेशकांना जरूर विचारा, पण या अहवालाचा दोष त्या लग्नावर ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. शुक्राणू तयार होताना १३, १४ आणि जोडगुणसूत्र या तिघांची वाटणी दोन पेशींत होते. ती सहा प्रकारे होऊ शकते: एका प्रकारात शुक्राणू पूर्णतः सामान्य, दुसऱ्यात वडिलांसारखा संतुलित वाहक, आणि उरलेल्या चार प्रकारांत १३ किंवा १४ हे गुणसूत्र जास्तीचे असते किंवा नसतेच. यावरून 'सहापैकी चार गर्भ खराब' असा हिशेब पुष्कळ ठिकाणी मांडलेला आढळतो. तो चुकीचा आहे आणि त्याने जोडप्यांची झोप उडते, म्हणून मी तो आवर्जून खोडतो. हे सहा प्रकार समान संख्येने घडत नाहीत. पेशीविभाजनाच्या वेळी हे तिघे अशा रीतीने जुळतात की जोडगुणसूत्र एका बाजूला आणि दोन्ही सुटी गुणसूत्रे दुसऱ्या बाजूला जाण्याकडेच कल असतो. १३-१४ जोडणी असलेल्या पुरुषांचे शुक्राणू प्रत्यक्ष तपासले तेव्हा सर्वसाधारणपणे तीन-चतुर्थांशांहून अधिक शुक्राणू सामान्य किंवा संतुलित आढळले. उरलेल्यांपासून झालेले गर्भ बहुतेक करून फार लवकर थांबतात. १३ जास्तीचे असलेला गर्भ क्वचित पुढे जातो आणि पटाऊ सिंड्रोम (१३ जास्तीचे असल्याने होणारी गंभीर व्यंगे) असलेले बाळ जन्मू शकते. या जोडणीच्या वाहकांत ती शक्यता एक टक्क्याहून कमी आहे.

मग आपले तिन्ही गर्भपात यामुळेच झाले का? हे कोणालाही खात्रीने म्हणता येणार नाही, कारण गर्भाच्या पेशी तपासल्या गेल्याचे आपण लिहिलेले नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सर्व गर्भपातांपैकी सुमारे निम्मे किंवा त्याहून अधिक गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात, आणि आई-वडील दोघांचेही अहवाल निर्दोष असताना ते होतात. १६ वे गुणसूत्र जास्तीचे असणे, एक्स गुणसूत्र एकच असणे, गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असणे हे त्यातले नेहमीचे प्रकार. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत आई किंवा वडील संतुलित वाहक असण्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के एवढेच आहे. म्हणून पतींचा अहवाल हाती आला एवढ्यावर बाकीचा तपास सोडून देऊ नये. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे रक्तात गुठळ्या होण्याकडे कल असलेला प्रतिकारशक्तीचा विकार, त्यासाठीच्या रक्ततपासण्या (त्या सदोष आल्यास किमान १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात), थायरॉइड, मधुमेह आणि गर्भाशयात पडदा आहे का हे दाखवणारी त्रिमितीय सोनोग्राफी या गोष्टी झालेल्या नसतील तर करून घ्या. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम आढळला तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देऊन पुढची गर्भधारणा टिकवता येते. अशी संधी हातची जाऊ देणे बरोबर नाही. उलट टॉर्च नावाची, काही संसर्ग शोधणारी तपासणी आपल्याकडे वारंवार गर्भपात होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीला लिहून दिली जाते. तिचा या कामी उपयोग नाही आणि तिच्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेस्ट-ट्यूबविषयी. नेदरलँड्समध्ये वारंवार गर्भपात झालेल्या वाहक जोडप्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. वाहक जोडप्यांपैकी ८३ टक्क्यांना निदान एक निरोगी मूल झाले. वाहक नसलेल्या जोडप्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते. वाहकांच्या वाट्याला पुढे गर्भपात अधिक आले हे खरे, पण ती वाढ मुख्यतः निरंजना यांच्यासारख्या, दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेल्या वाहकांत होती. रॉबर्टसोनियन वाहकांचे प्रमाण इतर जोडप्यांच्या जवळपासच राहिले. गर्भ सोडण्याआधीच्या तपासणीमुळे गर्भपाताचा धोका कमी होतो, परंतु नैसर्गिक गर्भधारणेचे प्रयत्न करत राहणाऱ्या जोडप्यांपेक्षा अंतिमतः अधिक जणांना मूल होते, असे सिद्ध झालेले नाही. वय जास्त असेल, शुक्राणू फार कमी असतील किंवा पुन्हा गर्भपात सोसण्याची मनाची तयारी नसेल, तर तो मार्ग योग्य ठरतो. आपल्याला 'दुसरा मार्ग नाही' असे सांगितले गेले, हे मात्र खरे नाही. नैसर्गिक मार्ग खरोखर बंद होतो तो दोन्ही १३ किंवा दोन्ही २१ एकमेकांना जोडलेली असतात अशा अतिशय विरळ प्रकारात, कारण तिथे सामान्य शुक्राणू किंवा बीजांड तयारच होऊ शकत नाही आणि दात्याचा विचार करावा लागतो. आपल्या पतींचा अहवाल त्या प्रकारचा नाही.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. अनुवंश यांचे उत्तर मी पतींना मोठ्याने वाचून दाखवले, आणि वीर्यतपासणीला जायचे त्यांनी स्वतःहून ठरवले आहे.

गर्भाच्या पेशी कधीच तपासल्या गेल्या नाहीत. दुसऱ्या वेळी पिशवी साफ केल्यावर ते द्रव्य तपासायला पाठवता येईल का, असे मी विचारले होते, परंतु तोवर ते फॉर्मॅलिनमध्ये घातले गेले होते.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे. धाकट्या दिरांसाठी स्थळे पाहणे सुरू आहे. सासूबाईंना, म्हणजे माझ्या आत्यांना, दोन मुलांच्या मधल्या काळात गर्भपात झाले होते असे त्या आता सांगतात. दिरांना हे सांगावे का? लग्न जमण्यात अडचण येईल म्हणून आत्या नको म्हणतात.

भीमथडी

ताई, मीही वाहक आहे आणि मला हे माझ्या थोरल्या भावाच्या अहवालामुळे समजले, तेही माझे लग्न ठरण्याआधी. त्याने ते मला एकट्याला, घराबाहेर नेऊन सांगितले आणि अहवालाची झेरॉक्स हातात दिली. तपासणी करायची की नाही, कोणाला सांगायचे, हे सगळे त्याने माझ्यावर सोडले. आईवडिलांनी ठरवायचा तो विषयच नव्हता, असे मला आजही वाटते. पत्रिकेसोबत किंवा मध्यस्थामार्फत मी काही कळवले नाही, पण बोलणी पुढे गेल्यावर साखरपुड्याआधी मुलीशी स्वतः बोललो. तिने आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारून होकार दिला. पुढे आमचा एक गर्भपात झाला तेव्हा आम्ही दोघांनीही एकमेकांकडे संशयाने पाहिले नाही, कारण काय होऊ शकते ते दोघांना आधीच माहीत होते. आपल्या दिरांना सांगा. ही माहिती त्यांची आहे.

अनुवंश

भीमथडी यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि त्याला एक वैद्यकीय बाजूही आहे. आपल्या सासूबाई किंवा सासरे यांच्यापैकी कोणी वाहक असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यात ही जोडणी उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते. म्हणून पहिल्यांदा त्या दोघांचे कॅरिओटायपिंग करावे. त्याला काही हजारांपलीकडे खर्च येत नाही. दोघांचेही अहवाल सामान्य आले, तर ही जोडणी आपल्या पतींमध्येच नव्याने झाली असे समजता येते आणि दिरांचा प्रश्न बहुतांशी मिटतो. सासूबाई वाहक निघाल्या तर मात्र नात्यातल्या लग्नामुळे एक वेगळा धागा निघतो: त्यांना ती त्यांच्या आई-वडिलांकडून, म्हणजे आपल्या आजोबा-आजींकडून, आलेली असू शकते आणि मग आपले वडीलही वाहक असू शकतात. आपला अहवाल सामान्य आहे, त्यामुळे आपल्याला त्याची काळजी नाही, पण आपल्या सख्ख्या भावंडांना तपासणी सुचवावी लागेल. सासूबाईंचे गर्भपात यामुळेच झाले असे मी म्हणत नाही, कारण एखाद-दुसरा गर्भपात कोणत्याही स्त्रीच्या बाबतीत होऊ शकतो. त्या वाहक निघाल्याच, तर त्यांनी कोणत्याही उपचाराविना दोन मुलांना जन्म दिला हेही आपल्या पतींना दाखवून द्या.

पुढच्या वेळी दिवस राहिले, तर सहाव्या-सातव्या आठवड्यापासून सोनोग्राफीने लक्ष ठेवावे. गर्भ टिकला तर ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशी घेऊन किंवा १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन गुणसूत्रे तपासता येतात. सुईने नमुना घेण्यात गर्भपाताचा अल्प धोका असतो, म्हणून काही जोडपी आधी आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी आणि तपशीलवार सोनोग्राफी पाहून मग ठरवतात. एनआयपीटी १३ व्या गुणसूत्राचा अंदाज देते, निदान देत नाही. बाळ वडिलांसारखे ४५ गुणसूत्रांचे वाहक आढळले, तर ते निरोगीच असण्याची अपेक्षा असते. फक्त १४ व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून तर आल्या नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. ही शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे.

१९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या भीतीने काही ठिकाणी या तपासण्या करायला टाळाटाळ होते. दोन किंवा अधिक नैसर्गिक गर्भपात झालेले असणे हे त्या कायद्यातच प्रसूतिपूर्व निदानासाठी मान्य केलेले कारण आहे. नोंदणीकृत केंद्रातच जा. आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, लेखी संमती घेणे आणि तिची प्रत आपल्याला देणे केंद्रावर बंधनकारक आहे. बाळाचे लिंग मात्र कोणीही सांगणार नाही आणि आपणही विचारू नये.

दुर्दैवाने पुन्हा गर्भपात झालाच, तर पिशवी साफ करण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की काढलेले द्रव्य निर्जंतुक डबीत, सलाइनमध्ये ठेवून, शक्यतो त्याच दिवशी जेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत पाठवायचे आहे. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि त्यांची वाढ करता येत नाही. हल्ली मायक्रोअ‍ॅरे तपासणीला (डीएनएवरून गुणसूत्रांतला कमी-जास्तपणा पाहणारी) जिवंत पेशींची गरज पडत नाही, तरीही फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो. आपल्या रक्ताचा थोडा नमुनाही सोबत द्या, म्हणजे आईच्याच पेशी तपासल्या जाऊन 'सामान्य स्त्री' असा फसवा अहवाल येण्याची शक्यता टाळता येते. अर्जावर पतींचा कॅरिओटाइप शब्दशः लिहायला सांगा. गर्भात १३ किंवा १४ चा बिघाड निघाला तर तो बहुधा या जोडणीतून आलेला असेल. १६ किंवा २२ चा निघाला, तर पतींच्या अहवालाशी त्याचा संबंध नव्हता हे आपल्या दोघांनाही कागदावर दिसेल.